रोज हाच जिंकते

जुलैची संध्याकाळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीत दुपारपासून धरून बसलेला पाऊस आत्ता कुठे उघडला आहे. वावरातली पऱ्हाटी वीतभर वर आली आहे, काळी माती चपलेला सोडायला तयार नाही, आणि तुम्ही रस्त्याकडेच्या एका टिनाच्या शेडखाली उभे आहात. शेजारी दोन पोरं एका मोबाइलवर डोकं लावून बसली आहेत. पडद्यावर पिवळ्या जर्सीतला एक सायकलस्वार घाट चढतो आहे. त्याच्या मागे लांबपर्यंत कुणी दिसत नाही.

"रोज हाच जिंकते, तं पाहाचं काऊन?" एक जण म्हणतो.

दुसरा मान वर करत नाही. "हा जिंकते म्हणून तं पाहाचं."

वाद एवढाच आहे. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, आणि तिच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना हीच दोन माणसं पिढ्यानपिढ्या उभी आहेत.

आपल्या भागात ज्यानं शंकरपट पाहिला आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. एखादी जोडी पहिल्या वर्षी पट मारते तेव्हा लोक धुरकऱ्याला खांद्यावर घेतात. दुसऱ्या वर्षी तीच जोडी पहिली आली की कौतुकात हिशेब शिरतो: यांच्याकडे पैसा आहे, यांच्या बैलांचा खुराक वेगळा आहे. तिसऱ्या वर्षी अर्धं मैदान ती जोडी हरताना पाहायला जमतं. आणि ती जोडी येणार नाही असं कळलं, तर यातलेच कितीतरी जण घरून निघत नाहीत.

सायकलच्या शर्यतीत आणखी एक गोष्ट असते, ती पुढच्या प्रवासात ध्यानात ठेवा. ही शर्यत मैदानात होत नाही. तिला तिकीट नसतं. ज्या रस्त्यानं एरवी दूधवाला जातो त्याच रस्त्यानं जगातला सगळ्यात मोठा सायकलस्वार जातो, आणि घाटात वेग उतरला की तो तुमच्यापासून हातभर अंतरावर असतो. त्याचा श्वास ऐकू येतो. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात; त्या घाटात उभं राहिलेल्यांना हे अंतर माहीत आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या गावागावांनीही ते अनुभवलं. आणि त्या श्वासाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल चिखलातून दामटत शाळेला जाणाऱ्या इथल्या मुलींना चढावर मांड्या कशा पेटतात ते ठाऊक आहे. सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह आपल्याला कधी जमला नाही, पण चढ आपण सगळेच चढलो आहोत.

हातभर अंतरावरून पाणी देता येतं. पाठीला हात लावून ढकलता येतं. थुंकता येतं. बुक्कीही मारता येते.

आता रस्ता पायाखाली तसाच राहू द्या आणि साल बदला.

१२ जुलै १९६४. तुम्ही मध्य फ्रान्समधल्या प्वी द दोम नावाच्या विझलेल्या ज्वालामुखीवर आहात. डोंगराला वेढे घालत वर गेलेला रस्ता, ऊन, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. देशात नेहरू जाऊन दीड महिना झाला आहे, शास्त्रीजी पंतप्रधान आहेत; इथे कुणाला त्याची खबर नाही. इथे सगळ्यांच्या ओठांवर एकच नाव आहे: पुपू. म्हणजे रेमों पुलिदोर.

ते येतात तेव्हा आधी आवाज येतो, मग मोटारसायकली, मग ते दोघं. खांद्याला खांदा. आतल्या बाजूला, खडकाला लागून, पिवळ्या जर्सीतला जाक आंकेतील. दरीच्या बाजूला पुलिदोर. कोपर कोपराला घासतं आहे. आंकेतीलनं आजवर चार वेळा टूर जिंकली आहे, १९५७ साली आणि मग १९६१ पासून सलग तीनदा. आज सकाळी त्याच्याकडे छप्पन्न सेकंदांची आघाडी होती. त्याच्या पायांत आता काही उरलेलं नाही, पण शेजाऱ्याला ते कळू नये म्हणून तो मागे सरकत नाही, तोंडावर काही दाखवत नाही. शेवटचा किलोमीटर सुरू होतो आणि दोघांच्या मधे एक फट पडते. पुलिदोर सुटतो. तुमच्या भोवती लोक वेडे झाले आहेत. वर पोचेपर्यंत पुलिदोरनं बेचाळीस सेकंद कमावलेले असतात. छप्पन्नातून बेचाळीस गेले, राहिले चौदा. आंकेतीलची पिवळी जर्सी चौदा सेकंदांनी वाचते, आणि दोन दिवसांनी पॅरिसला तो पाचवी टूर जिंकतो, पंचावन्न सेकंदांच्या फरकानं. पाच वेळा टूर जिंकणारा तो जगातला पहिला माणूस.

आणि प्रेम पुलिदोरला मिळतं. आयुष्यभर मिळतं. तो चौदा टूर धावला, आठ वेळा पहिल्या तिघांत आला, तीन वेळा दुसरा, पाच वेळा तिसरा. पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवसही चढली नाही. २०१९ साली तो वारला तेव्हा फ्रान्समध्ये घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख झालं. दोन वर्षांनी त्याच्या नातवानं, माथ्यू व्हान डर पूलनं, ती जर्सी मिळवली आणि आजोबांची आठवण काढून रडला.

तुम्ही त्या गर्दीतल्या एखाद्याला विचारा, आंकेतील का आवडत नाही? तो म्हणेल, हिशेबानं चालतो. खरंच चालत होता. एकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यांत मिनिटं कमवायची आणि डोंगरात ती हातची जाऊ द्यायची नाहीत, अशी त्याची रीत. १९६१ साली पहिल्या दिवशी त्यानं जर्सी घातली ती थेट पॅरिसला उतरवली. बाकीच्यांनी अंग टाकलं आणि लोक इतके कंटाळले, की संचालक जाक गॉदे यांनी आपल्याच शर्यतीतल्या सायकलस्वारांना ‘रस्त्यावरचे बुटके’ म्हणून झोडपलं. पुलिदोर लिमुझांतल्या बटईदाराच्या घरातला, दुसऱ्याच्या जमिनीत राबून वर आलेला. खेडी सोडून शहराकडे निघालेल्या त्या वेळच्या फ्रान्सला त्याच्या चेहऱ्यात आपला बाप दिसत होता. आंकेतीलही स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या कुटुंबातला होता, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून श्रम दिसत नव्हते.

माझं मत विचाराल तर पुलिदोरवरचं प्रेम शंभर टक्के खरं होतं आणि आंकेतीलबद्दलचा थंडपणा अन्यायाचा होता. त्या खडकाला घासत चढणारा माणूसही शेवटच्या थेंबापर्यंत आला होता. फरक एवढाच, की पुलिदोरला तुमच्या आरोळीची गरज आहे असं वाटायचं आणि आंकेतीलला कुणाचीच गरज आहे असं वाटायचं नाही. रस्त्याकडेला चार तास उन्हात उभं राहिलेल्या माणसाला आपली गरज लागावी असं वाटतंच. हातभर अंतरावरून तो जो ओरडतो, ते एका अर्थी मागणं असतं: मलाही यात घे.

पाच वर्षं पुढे या. १५ जुलै १९६९, पिरेनीज पर्वत, तुर्माले खिंड. या वेळी तुमच्या समोरून जाणारा पोरगा चोवीस वर्षांचा आहे. ब्रसेल्सजवळच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा, एडी मर्क्स. दीड महिन्यापूर्वी, २ जूनला, सावोना गावात त्याला इटलीच्या शर्यतीतून बाहेर काढलं होतं. उत्तेजकाच्या चाचणीचा निकाल त्याच्या विरोधात गेला होता. हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून तो रडला, मी काही घेतलं नाही असं सांगत राहिला. ते चित्र सगळ्या युरोपानं पाहिलं आहे. टूरमध्ये त्याला उतरू दिलं, आणि आता तो रागानं पेटलेला आहे.

आज सकाळी त्याच्याकडे आठ मिनिटांहून जास्त आघाडी होती. त्याला काही करायची गरज नव्हती. तरी तुर्मालेच्या माथ्याजवळ तो जोर लावतो. त्या क्षणी त्याच्यासोबत त्याच्याच संघातला मार्टिन व्हान डेन बॉस आहे. तो दुसऱ्या संघात जाणार हे मर्क्सला कळलेलं आहे, आणि माथ्यावर पहिला जायचा मान मर्क्स त्यालाही देत नाही. मग उतार, मग सपाटी, आणि मर्क्स एकटाच. एकशेचाळीस किलोमीटर एकटा. मूरेंक्स गावात तो पोचतो तेव्हा दुसरा माणूस जवळजवळ आठ मिनिटं मागे असतो. दुसऱ्या दिवशी गॉदे वर्तमानपत्रातल्या मथळ्यासाठी त्याच्या नावाला प्रत्यय जोडून नवाच शब्द घडवतात: मर्क्सिसिमो.

पॅरिसमध्ये त्याचा हिशेब पाहा. दुसऱ्या क्रमांकाच्या रॉजे पँजोंपेक्षा सतरा मिनिटं चोपन्न सेकंद पुढे. पिवळी जर्सी त्याची, गुणांची हिरवी त्याची, डोंगरांचा किताब त्याचा. बेल्जियमला तीस वर्षांत टूर मिळाली नव्हती, १९३९ नंतर पहिल्यांदाच मिळाली. तारीख आहे २० जुलै १९६९. त्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला, आणि आदल्या दिवशी दिल्लीत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा एकाही घरात टीव्ही नाही. चंद्राचीच बातमी आकाशवाणीवरून आली, सायकलची कोण सांगणार?

याच सुमारास एक नाव जन्माला आलं. ख्रिस्तियां रेमों नावाचा फ्रेंच सायकलस्वार आपल्या बारा वर्षांच्या मुलीला सांगत होता, की हा मर्क्स बाकीच्यांसाठी काही म्हणून शिल्लक ठेवत नाही. मुलगी म्हणाली, मग तो नरभक्षकच की. नाव चिकटलं. लहान मुलीनं कौतुकानं दिलं की भीतीनं, हे तुम्हीच ठरवा. मला वाटतं दोन्ही.

कारण मर्क्सची खोड हीच होती. सगळं जिंकायचं. वसंतातल्या एकेका दिवसाच्या शर्यती, तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती, गावच्या जत्रेतल्या फेऱ्याही. एकूण पाचशे पंचवीस विजय. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर. शर्यतींच्या जगात एक न लिहिलेली रीत होती: पिवळी जर्सी तुझी असेल तर आजचा टप्पा त्या गरीब पोराला जाऊ दे, त्याला पुढच्या वर्षी नोकरी राहील. मर्क्सला ते पटत नव्हतं. लोक याला हावरेपणा म्हणत. मला त्याच्या वागण्यात प्रतिस्पर्ध्याचा मान दिसतो. दान म्हणून मिळालेला टप्पा घरी नेताना त्या पोरालाही तो दान म्हणूनच माहीत असतो. मर्क्सला हरवलं असं ज्याला म्हणता आलं, त्याच्या म्हणण्याला मरेपर्यंत वजन राहिलं. आणि १९७१ साली, ज्याच्यासमोर तो खरोखर हरत होता तो लुइस ओकान्या गारपिटीत कोल द मांतेच्या उतारावर पडून शर्यतीबाहेर गेला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मर्क्सनं पिवळी जर्सी घालायला नकार दिला. जी जिंकली नाही ती घालायची नव्हती. त्याच्यावर प्रेम करणारे आजही आधी हा दिवस सांगतात, मग बाकीचे विजय.

तरी शिट्ट्या वाढत गेल्या. फ्रेंच लोकांना आपला माणूस जिंकायला हवा होता. १९७३ ला मर्क्स टूरला आलाच नाही. स्पेन आणि इटलीच्या शर्यती जिंकून आला. १९७४ ला परत येऊन पाचवी टूर जिंकला आणि आंकेतीलच्या बरोबरीला बसला. आता सहावी मिळाली की आंकेतीलही मागे.

११ जुलै १९७५. पुन्हा तोच ज्वालामुखी, प्वी द दोम. भारतात आणीबाणी लागून सोळा दिवस झालेत. तुम्ही या वेळी वरच्या टोकाला थांबा, शेवटची रेघ दीडशे मीटरवर आहे अशा ठिकाणी. गर्दी रस्त्यात घुसली आहे, सायकल जाईल एवढीच वाट उरली आहे. पुढे लुसियें व्हान इम्पे गेला. त्याच्या मागे बेर्नार तेव्हने, बर्गंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, फ्रान्सची आशा. मग पिवळी जर्सी दिसते. मर्क्स तीस वर्षांचा झाला आहे. तोंड उघडं, खांदे हलताहेत, डोळे तेव्हनेच्या पाठीवर.

तुमच्या अगदी जवळून एक हात पुढे येतो. मूठ वळलेली आहे. ती मर्क्सच्या बरगड्यांखाली बसते.

तो सायकलवर वाकतो. पडत नाही. एका हातानं पोट धरून उरलेलं अंतर चढतो. तेव्हनेला चौतीस सेकंद गेलेले असतात. रेघ ओलांडल्यावर तो थोडा वेळ थांबतो आणि मग, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तो उलटा खाली येतो. गर्दीत शिरतो आणि बोट दाखवतो: हा. माणूस पंचावन्न वर्षांचा आहे. मागून धक्का बसला, हात चुकून लागला, असं तो सांगतो. पुढे खटला चालला, मर्क्सच्या बाजूनं निकाल लागला आणि नुकसानभरपाई ठरली एक फ्रँक.

त्या माणसाकडे नीट पाहा. तो गुंड नाही. घरून शिदोरी बांधून आलेला, दुपारभर उन्हात बसलेला, तुमच्या-आमच्यातला माणूस आहे. त्याच्या आधी चार वर्षं शेकडो लोकांनी शिट्ट्या घातल्या, वर्तमानपत्रांनी हा रोज जिंकतो म्हणून सुस्कारे टाकले, आणि ते सगळं त्याच्या मुठीत आलं. त्याला माफ करावं असं मी म्हणत नाही. हातभर अंतरावर उभं राहू देणं हा सायकलस्वारानं प्रेक्षकावर टाकलेला विश्वास आहे. त्याच्याभोवती काठी नाही, जाळी नाही, अंगावर पातळ कापड आहे. त्या विश्वासाला बुक्की मारणं हे मला कधीही क्षम्य वाटलेलं नाही.

दोन दिवसांनी, १३ जुलैला, प्रा-लूच्या चढावर चला. मर्क्सनं कोल दालोसच्या माथ्याजवळ हल्ला केला आहे, उतारावर सगळ्यांना मागे टाकलं आहे. शेवटचा घाट सुरू होतो तेव्हा तेव्हने एक मिनिटाहून जास्त मागे आहे. सहावी टूर हाताशी आली आहे. आणि मग चार किलोमीटर उरले असताना त्याचे पाय थांबतात. तुम्ही ते पाहता आणि तुमचा विश्वास बसत नाही. सहा वर्षं जो माणूस कधी थकतो असं कुणाला ठाऊक नव्हतं, तो पॅडल फिरवायला धडपडतो आहे, वितळलेल्या डांबरावर त्याची सायकल डगमगते आहे. इटलीचा जिमोंदी पुढे जातो. तेव्हने येतो, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, मर्क्सकडे न पाहता, आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी चौदा जुलै, फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस. इझोआरच्या घाटात तेव्हने पिवळ्या जर्सीत एकटा. रस्त्याकडेला कुणी तरी पाटी धरली आहे: मर्क्स हरला, बास्तिल पडली.

तुम्हाला आनंद झाला? खरं सांगा. झाला असेल तर त्यात लाज नाही. इतकी वर्षं बंद असलेलं दार उघडलं होतं. पण अजून एक दिवस थांबा. १५ जुलैच्या सकाळी वालवार गावात मर्क्स दुसऱ्या सायकलला धडकून पडतो आणि त्याच्या गालाचं हाड मोडतं. डॉक्टर म्हणतात थांबा. त्याला चावता येत नाही. पातळ पदार्थांवर तो पुढचे दिवस काढतो. थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस संघातल्या पोरांत वाटलं जायचं होतं, ते त्यांना मिळायला हवं होतं. आणि तेव्हनेचा विजय पुरा व्हायला हवा होता, मर्क्स घरी गेला म्हणून मिळाला असं कुणी म्हणायला नको होतं. त्या अवस्थेतही तो तेव्हनेवर हल्ले करतो, सेकंद कमावतो. २० जुलैला टूर पहिल्यांदाच शाँझेलिझेवर संपते. तेव्हने पहिला, मर्क्स दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद मागे, दुसरा. पिवळी जर्सी त्याच्या अंगावर पुन्हा कधी आली नाही.

याच आठवड्यात फ्रेंच लोक त्याच्यावर प्रेम करायला शिकले. पाच विजयांनी जे दिलं नाही ते मोडक्या हाडानं दिलं. मला हे वाचताना, सांगताना, दर वेळी राग येतो. तो १९६९ मध्ये एकशेचाळीस किलोमीटर एकटा गेला तेव्हाही मांड्या पेटलेल्याच होत्या. दुखतं आहे हे दिसल्याशिवाय आपण विश्वास ठेवत नाही, आणि जो दुखणं दाखवत नाही त्याला आपण यंत्र म्हणतो.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडा, तिथे फार थांबावंसं वाटत नाही. २१ जुलै २००४, आल्प द्युएझ, एकवीस वळणांचा घाट. लान्स आर्मस्ट्राँग एकटा घड्याळाविरुद्ध चढतो आहे, त्याच्या दोन मिनिटं आधी सुटलेल्या बासोला गाठून पुढे जातो, आणि दोन्ही बाजूंनी लोक त्याच्यावर थुंकताहेत. कॅन्सरमधून उठून आलेला माणूस. त्याच्या पिवळ्या रबरी कड्या तेव्हा जगभर लोकांच्या मनगटांवर आहेत. २०१२ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्यानं टीव्हीवर कबुली दिली. १९९९ ते २००५ या वर्षांसमोर आज विजेत्याचं नाव नाही. त्यानं बक्षिसांहून मोठी एक गोष्ट नेली. त्याच्यानंतर जो कुणी फार जिंकेल, त्याच्याकडे लोक आधीच डोळे बारीक करून पाहतात. १८ जुलै २०१५ ला ख्रिस फ्रूमच्या अंगावर एकानं पेल्यातून लघवी फेकली. फ्रूमनं त्या माणसाचं काही बिघडवलं नव्हतं. आधीच्या एका माणसाचं कर्ज तो फेडत होता.

आणि आता शेडखालच्या त्या मोबाइलमधला पोरगा. तादेय पोगाचार, स्लोव्हेनियातल्या कोमेंदा गावचा, १९९८ चा जन्म. २०२०, २०२१, २०२४, २०२५ अशा चार टूर. २०२४ मध्ये इटलीची शर्यत जवळजवळ दहा मिनिटांच्या फरकानं, त्याच उन्हाळ्यात टूर, त्यात सहा टप्पे, आणि सप्टेंबरमध्ये झुरिकला जागतिक विजेतेपद. ही तिन्ही एका वर्षात याआधी फक्त मर्क्सनं १९७४ मध्ये आणि आयर्लंडच्या स्टीफन रोशनं १९८७ मध्ये मिळवली होती. त्याच्यावर उत्तेजकाचा कुठलाही दोष सिद्ध झालेला नाही. तरी प्लाटो द बेयच्या घाटात त्यानं पान्तानी या जुन्या सायकलस्वाराची १९९८ ची वेळ तीन मिनिटांहून जास्त फरकानं मोडली, की जुन्या लोकांच्या पोटात गोळा येतो, कारण पान्तानीचा काळ उत्तेजकांचा होता हे त्यांना माहीत आहे. त्याच्या संघामागे अमिरातीचा पैसा आहे, हेही लोकांना खुपतं. आणि साधी गोष्ट: संध्याकाळी टीव्ही लावायच्या आधी निकाल माहीत असतो.

तुम्ही मे २०२४ मध्ये इटलीत उतरा. २१ तारखेला मोंते पाना नावाच्या चढावर वीस वर्षांचा पेल्लित्सारी पुढे आहे, आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय एक-दीड किलोमीटरवर आहे. पोगाचार मागून येतो आणि त्याला ओलांडून जिंकतो. गर्दी हळहळते. मर्क्सवर झाला तोच आरोप: पोराला तरी सोडायचं होतं. रेघेपलीकडे तो पोरगा पोगाचारकडे त्याचा चष्मा मागतो, आणि पोगाचार चष्मा देतो, वर अंगातली गुलाबी जर्सी काढून देतो. चार दिवसांनी मोंते ग्राप्पाच्या घाटात एकटाच पुढे असताना तो मदतनिसाच्या हातून पाण्याची बाटली घेतो आणि दोन पावलांवर शेजारून धावणाऱ्या एका लहान मुलाला देऊन टाकतो. तुम्ही जवळच आहात, त्या मुलाचा चेहरा पाहा. मग १३ जुलै २०२४ ला प्ला दादेवर या: इथे एकानं त्याच हातभर अंतरावरून पोगाचार आणि त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगोर यांच्या तोंडावर बटाट्याच्या चिप्स भिरकावल्या, आणि पोलिसांनी त्याला धरलं.

लोक त्याला का मानतात, याचं उत्तर मला बाटलीपेक्षा १९ जुलै २०२३ च्या दिवशी जास्त सापडतं. कोल द ला लोझच्या चढावर तो कोसळला, रेडिओवर आपल्या माणसांना मी संपलो असं इंग्रजीत सांगितलं, आणि ते साऱ्या जगानं ऐकलं. मर्क्सचं प्रा-लू लोकांना सहा वर्षांनी पाहायला मिळालं. पोगाचारचं त्यांनी आधीच पाहिलं आहे. तो हरू शकतो हे ठाऊक असल्यावर त्याचं जिंकणं सोसवतं.

शेवटचा मुक्काम: पॅरिस, २७ जुलै २०२५, माँमार्त्रची टेकडी. पाऊस पडतो आहे. दगडी फरशीचा अरुंद रस्ता, वर चढत जाणारा, दोन्ही बाजूंना खिडक्यांपर्यंत माणसं. एरवी टूरचा हा शेवटचा दिवस मिरवणुकीचा असतो; या वर्षी ही टेकडी तीनदा चढायची आहे. रस्ता निसरडा म्हणून पंचांनी एकूण शर्यतीची वेळ पन्नास किलोमीटर आधीच गोठवली आहे. चौथी टूर पोगाचारच्या खिशात आहे. मागे आरामात राहिला, सावकाश आला, तरी विजेता तोच. पडला तर हाड मोडेल आणि मिळायचं काहीच नाही.

तो सगळ्यांच्या पुढे येतो. पहिल्या चढणीला जोर लावतो, दुसऱ्या चढणीला लावतो. घोळका फुटतो, पाच-सहा जण उरतात. पिवळी जर्सी चिंब भिजून अंगाला चिकटली आहे, मागचं चाक दगडावर सटकतं, तो सावरतो. तुमच्या शेजारची बाई कठड्यावर तळहात बडवते आहे. तिसरी आणि शेवटची चढण. पोगाचार पुन्हा पुढे. आणि त्याच्या मागून बेल्जियमचा वाउट व्हान आर्ट निघतो, सीटवरून उठलेला, त्याच्या बरोबरीला येतो, आणि मग पुढे. एक सायकल. दोन सायकली. पोगाचार मान खाली घालून पाठलाग करतो आहे आणि त्याला जमत नाही. सगळी टेकडी ओरडते आहे, कठडे वाजताहेत, आणि तुम्हीही घसा फाडून ओरडता आहात, जा, जा, जा, त्या दोघांनाही एकदमच.